खुर्चीवर बसलीस तरी ते झाझेनच

ताई, मी कलिन्याला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डोंबिवलीहून येते. आमच्या संकुलात मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातला झेन ध्यानाचा एक गट जमतो, दहा-बारा जणांचा. आधी एक निवृत्त मॅडम आम्हाला चिनी पद्धतीच्या आठ सावकाश हालचाली शिकवतात, मग पीएचडी करणारा एक दादा ध्यानाला बसवतो, शेवटी सगळे ओळीने हळूहळू चालतो. हालचाली करताना आणि चालताना मला फार बरं वाटतं. पण पंचवीस मिनिटं मांडी घालून बसायचं म्हटलं की उजवा गुडघा दुखतो, पाय बधिर होतो, मनात नको नको ते येतं, नाहीतर सरळ डुलकी लागते. दादा म्हणतो, हलायचं नाही, दुखणं नुसतं बघायचं. मागच्या आठवड्यात मी खुर्ची घेतली तर म्हणाला, 'खुर्ची म्हाताऱ्यांसाठी. आणि हालचाली म्हणजे नुसता वॉर्म-अप, खरं झेन बसण्यातच.' आपल्याला खरं ध्यान जमतच नाही असं आता वाटायला लागलंय. घरी आजी विचारते, आपल्याकडे काय कमी आहे म्हणून जपानचं शिकतेस? गट सोडू का? आणि त्यांच्याकडे असते तशी गोल उशी मुंबईत कुठे मिळेल?
– कलिन्याची एक विद्यार्थिनी

गट सोडू नकोस. आणि पुढच्या मंगळवारी खुर्ची घेऊनच बस. हे आधी सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रात गुडघ्यापेक्षाही 'मला जमत नाही' हे जास्त ठणकतंय, आणि त्याला काही आधार नाही.

हालचालींना 'वॉर्म-अप' म्हटलं गेलं, तिथूनच सुरुवात करू. झेनच्या सोतो परंपरेचे आचार्य दोगेन १२२३ साली जपानहून चीनला गेले आणि १२२७ साली परतले. परतल्यावर ध्यानाला बसायचं कसं हे सांगण्यासाठी त्यांनी 'फुकानझाझेन्गी' हा छोटासा लेख लिहिला. आजही जगभर सोतो पद्धतीने बसणारे त्याच्याच आधारे शिकतात. त्यात बैठक लावून झाल्यावरची सूचना अशी आहे : दीर्घ श्वास घ्या, सोडा, शरीर डावीकडे-उजवीकडे डोलवा आणि मग स्थिर व्हा. उठतानाही झटक्याने नको, सावकाश हलत उठा. त्याच लेखात ते असंही म्हणतात की झाझेनचा, म्हणजे झेनच्या बैठ्या ध्यानाचा, संबंध केवळ बसण्याशी किंवा आडवं होण्याशी नाही. म्हणजे स्थिर बैठकीच्या अलीकडे आणि पलीकडे हालचाल आहे, आणि ती मूळ सूचनेतच आहे. नंतर कुणी सोयीसाठी जोडलेली नाही.

तुम्ही शेवटी जे चालता ते किनहिन. सोतो पद्धतीत एका श्वासाला अर्धं पाऊल, झेनच्याच दुसऱ्या शाखेत, रिंझाई पद्धतीत, चांगलं झपझप. सोतो ध्यानगृहात घंटेचे टोले ठरलेले असतात. बसायला सुरुवात करताना तीन, बैठकीतून चालायला उठताना दोन, आणि ध्यान संपलं की एक. चालायला उठताना तो एक टोला वाजत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाय उचलला तरी ध्यान चालूच आहे, हे तिथे घंटाच सांगते. तुला चालताना जे बरं वाटतं ते खऱ्या ध्यानाच्या बाहेरचं आहे, असं म्हणायला मग जागाच उरत नाही.

त्याच्याही आधीचे, चीनमधले झेन आचार्य बाइझांग घे. मठातल्या सगळ्यांनी शेतात राबायचं, हा त्यांचा दंडक. म्हातारपणी त्यांना कष्ट पडू नयेत म्हणून शिष्यांनी त्यांची अवजारं लपवली, तर त्यांनी जेवणच सोडलं. काम नाही त्या दिवशी अन्न नाही, असं त्यांचं म्हणणं, अशी कथा सांगतात. झाडणं, तांदूळ निवडणं, लाकडं फोडणं हे झेन मठात साधनेतच मोडतं. तुम्ही सतरंज्या उचलून, खोली झाडून जात असाल तर तेही त्यातच आलं.

मॅडम शिकवतात त्या आठ हालचाली तुझ्या वर्णनावरून बादुआनजिन वाटतात : पहिल्यात बोटं गुंफून हात आकाशाकडे उचलायचे, शेवटच्यात टाचा उचलून खाली सोडायच्या. ही ची-गोंगमधली, म्हणजे श्वासासोबत करायच्या सावकाश व्यायामांमधली, जुनी चिनी मालिका आहे, झेनची स्वतःची नव्हे. पण झेनच्या गटात ती घेणं मला अगदी योग्य वाटतं, विशेषतः मुंबईत. तू कुर्ल्याला गर्दीतून उतरतेस, बस नाहीतर रिक्षा पकडतेस, घड्याळ बघत धावत खोलीत शिरतेस आणि लगेच 'स्थिर बस' म्हटलं तर शरीराने काय करावं? लोकलसुद्धा फलाटात शिरताना वेग कमी करत करत थांबते. जागच्या जागी थांबवली तर आतली माणसं एकमेकांवर पडतील. मॅडमची ती पंधरा-वीस मिनिटं हे वेग कमी करण्याचं काम करतात. एवढंच पाळ : हात जितका वर जाऊ शकतो त्याच्या थोडं आधीच थांब, गुडघे ताठ करून अडकवू नकोस, आणि श्वास हालचालीच्या मागे फरफटत येत असेल तर हालचाल आणखी हळू कर.

आता गुडघा. मांडी घालताना पाय बाहेर वळतो ते खुब्यातून. खुबा आखडलेला असेल, आणि दिवसाचे तास बाकांवर आणि ट्रेनमध्ये घालवणाऱ्या बहुतेकांचा तो असतो, तर उरलेलं वळण गुडघ्यावर येतं. गुडघा वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी नाही. म्हणून दुखतो. उपाय सहनशक्तीत नाही, उंचीत आहे. बुडाखाली इतकं जाड काहीतरी घे की कंबर गुडघ्यांच्या वर येईल आणि दोन्ही गुडघे खाली जमिनीकडे झुकतील. घरची गोधडी घट्ट घडी करून घेतलीस तरी चालेल. गुडघा तरीही अधांतरी राहत असेल तर खाली टॉवेल सार. पाय एकमेकांवर चढवू नकोस, दोन्ही पोटऱ्या जमिनीवर एकापुढे एक ठेव. तेही नाही जमलं तर वज्रासनात बस आणि पायांच्या मधे उशी उभी घाल, वजन टाचांवर यायला नको. आणि हो, जीन्स घालून बसू नकोस. घट्ट जीन्समध्ये खुबा वळत नाही आणि कापडाची घडी गुडघ्यामागे रुतून बसते. सलवार नाहीतर ट्रॅक पँट बॅगेत टाक.

खुर्चीवर बसायचं असेल तर पाठ टेकू नकोस. आसनाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बस, तळवे पूर्ण जमिनीवर. पाय पोचत नसतील तर खाली चादरीची घडी घे. बाकी सगळं तेच : डावा तळवा उजव्या तळव्यावर, अंगठ्यांची टोकं हलकेच टेकलेली, डोळे अर्धे उघडे, नजर हातभर पुढे जमिनीवर. यात कमी दर्जाचं काहीही नाही. झेन केंद्रांमध्ये माणसं वर्षानुवर्षं खुर्चीवर बसतात.

पाय बधिर होतो तो नसेवर दाब आल्याने. मुंग्या आल्या म्हणजे पाय कामातून गेला असं नव्हे, पण बधिर पायावर कधीही उभी राहू नकोस. घोटा मुरगळतो आणि कळतही नाही. घंटा झाली, सगळे चालायला उठले तरी तू बसून राहा, पाय लांब कर, बोटं हलव, जाण परत आली की रांगेत ये.

'हलायचं नाही' या नियमाबद्दल मात्र मी दादाच्या विरोधात पूर्णपणे उभी राहणार नाही. नियमाला अर्थ आहे. एकाने चुळबुळ केली की शेजाऱ्याला करावीशी वाटते, आणि नाकावरची प्रत्येक खाज खाजवत बसलं तर आपण किती पटकन प्रत्येक इच्छेच्या मागे जातो ते दिसतच नाही. कंटाळा, खाज, पाठीतली हलकी कळ, 'अजून किती वेळ' हा प्रश्न, हे सगळं थोडा वेळ थांबून बघण्यासारखं आहे. पण गुडघ्यातली टोचणारी, वाढत जाणारी कळ या यादीत येत नाही. ती इशारा आहे. तिला बघत बसणं म्हणजे साधना नव्हे, इजा आहे. तेव्हा असं कर : हलावंसं वाटलं की तीन श्वास पूर्ण होऊ दे. तरीही गरज असेल तर हात जोडून किंचित वाक, मग आवाज न करता पाय बदल, आणि पुन्हा श्वासावर ये. अनेक ध्यानगृहांत हीच रीत आहे.

दुसरं असं की जपानमधल्या ध्यानगृहात अर्धा-पाऊण तास न हलता बसवतात तिथे एक शिक्षकही असतो. तो शिष्याला एकट्याने बोलावून विचारतो, काय चाललंय, कुठे अडलंय. रिंझाईत तर या एकांतातल्या भेटीवाचून शिक्षण पुढे सरकतच नाही. तुमच्या गटात ती व्यवस्था नाही, असण्याची अपेक्षाही नाही. मग तिथली कडक शिस्त तेवढी उचलून आणायची आणि ती सांभाळणारं माणूस मागे ठेवायचं, हे मला मान्य नाही. विद्यार्थ्यांच्या गटाने सौम्यच असायला हवं.

डुलकीबद्दल तुला माझं म्हणणं कदाचित आवडणार नाही. साडेसातला कलिन्याला पोचायचं तर तू सहाच्या आत घर सोडत असणार. रात्री जर्नल, असाइनमेंट, फोन. तुझं शरीर शांत झाल्या झाल्या झोपतं कारण त्याला झोप हवी आहे. त्यावर ध्यानाची कुठलीही युक्ती नाही. आठवड्यातले ते दोन दिवस आदल्या रात्री लवकर झोप, आणि ज्या दिवशी झोप झालीच नसेल त्या दिवशी बैठकीच्या वेळी मागे उभी राहून ध्यान कर किंवा सगळा वेळ चाल. रिकाम्या पोटीही येऊ नकोस, एखादं केळं खा.

रिंझाईचे हाकुइन (१६८६–१७६९) तरुणपणी इतक्या हट्टाने साधनेला लागले की आजारी पडले. डोकं तापलेलं, पाय बर्फासारखे, कानांत सतत आवाज, मन भित्रं झालेलं. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांना बरं वाटलं ते डोंगरात राहणाऱ्या एका तपस्व्याने सांगितलेल्या उपायाने. डोक्यावर सुगंधी, मऊ लोण्याचा गोळा ठेवलाय अशी कल्पना करायची. तो अंगाच्या उबेने वितळतोय, खांद्यांवरून, छातीवरून, पोटातून उतरत थेट तळपायांपर्यंत ओघळतोय. दमलेल्या दिवशी हे तू घरी आडवी पडून करू शकतेस. आणि हेच हाकुइन पुढे आयुष्यभर शिकवत राहिले की कामाच्या धबडग्यात टिकणारं ध्यान शांत कोपऱ्यातल्या ध्यानाहून मोलाचं. इतका कडक माणूस हे सांगतो, म्हणून मला ते जास्त पटतं.

बसल्यावर मन जास्त भरकटतं असं तुला वाटतं. हालचालीत लक्षाला धरायला भरपूर असतं : हात, तोल, तळवे, मॅडमचा आवाज. बसल्यावर धरायला उरतो फक्त श्वास, म्हणून आधीपासून चाललेला गलबला ऐकू येतो. श्वास मोज. सोडलेल्या प्रत्येक श्वासाला एक आकडा, एक ते दहा, मग पुन्हा एक. विसरलीस की एकपासून. तीनच्या पुढे जाता आलं नाही तरी काही बिघडत नाही, एकवर परत येणं हाच सराव आहे. डोक्यावरून विमान गेलं, आणि कलिन्यात ती जातच राहतात, तर त्याला जाऊ दे, मोजणं सोडू नकोस. अंगठ्यांकडे मधूनमधून लक्ष दे. झोप आली की ते खाली पडतात, ताण आला की एकमेकांवर दाबले जातात.

'नको नको ते येतं' एवढंच तू लिहिलंस, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. ते नेहमीचे विचार, आठवणी, परीक्षेची भीती असेल तर ठीक. पण छाती धडधडत असेल, आपण आपल्या शरीरात नाही असं वाटत असेल, जुना एखादा आघात पुन्हा पुन्हा समोर येत असेल, तर बसून राहू नकोस. डोळे पूर्ण उघड, तळवे जमिनीवर दाब, उठून बाहेर ये, कुणाशी तरी बोल. बैठक अर्धवट सोडण्यात कसलाही दोष नाही. हे वारंवार होत असेल तर काही दिवस फक्त हालचाल आणि चालणं ठेव आणि समुपदेशकाकडे जा. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, विनामूल्य, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

दादाशी बोल, पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको. सतरंज्या गोळा करताना, त्याला एकट्याला गाठून. 'दादा, मांडी घालून माझ्या गुडघ्याला त्रास होतो, मी खुर्चीवर बसणार आहे. आणि पंचवीस मिनिटांच्या एका बैठकीऐवजी बारा-बारा मिनिटांच्या दोन घेऊन मधे चालणं ठेवता येईल का?' एवढंच. तो पहाटे येऊन खोली उघडतो, लोकांना जमवतो, त्याला या गोष्टीची आस्था आहे हे उघड आहे. त्याला कुणी तसंच शिकवलं असेल. मॅडमनाही या बोलण्यात घे. त्यांच्या वयाच्या शरीराला काय हवं ते त्यांना माहीत आहे, आणि त्यांच्या हालचालींना 'नुसतं' म्हटलं गेलं हे त्यांनीही ऐकलं असेलच. तू खुर्ची घेतलीस की आणखी एक-दोन जण घेतील, बघ. दुखणारे गुडघे तुझे एकटीचे नाहीत.

आजीशी वाद घालू नकोस, तिचा प्रश्न बरोबर आहे. झेन परंपरा आपला आद्य आचार्य मानते तो बोधिधर्म दक्षिण भारतातून चीनला गेला असं तीच परंपरा सांगते. आणि बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. भिक्षूंच्या खोल्यांत दगडात कोरलेले बाक अजून आहेत. एखाद्या रविवारी सगळा गट घेऊन जा, लेण्यांमधल्या पायऱ्यांवर किनहिन करा. सोमवारी उद्यान बंद असतं. आजीला तिचा हरिपाठ असेल, जपमाळ असेल, ती तिच्यापाशी राहू दे. तू तिला पलंगावर बसून घोटे फिरवायला आणि हात वर उचलायला शिकव. पहिल्या आठवड्यात तीच तुला वेळेची आठवण करून देईल.

पुढे शिक्षक शोधावासा वाटला तर थोडं सांगून ठेवते. वरळीचं जपानी बुद्धमंदिर झेनचं नाही, ते निचिरेन या जपानमधल्या दुसऱ्या बौद्ध परंपरेचं आहे. तिथे ढोल वाजवत 'नमु म्योहो रेंगे क्यो' म्हणतात. जरूर जा, पण झाझेन मिळेल या अपेक्षेने नको. इगतपुरीची दहा दिवसांची विपश्यना ही वेगळी पद्धत आहे, आणि त्या दहा दिवसांत बाकीच्या साधना बाजूला ठेवायला सांगतात. ते मनापासून पाळायची तयारी असेल तरच अर्ज कर. झेनच्या शिक्षकाकडे बसायचं असेल तर कोडाईकनालजवळ पेरुमलमलैला बोधी झेंडो आहे. १९९६ साली आमा सामी या येशूसंघीय (जेझुइट) ख्रिस्ती धर्मगुरूंनी ते सुरू केलं. एमएस्सी संपल्यावरच्या सुट्टीत विचार कर, आत्ता नको.

उशी बाहेरून मागवायची गरज नाही. तिला झाफू म्हणतात, आणि जपानमध्ये ती सावरीच्या कापसानेही भरतात. तो आपल्या गादीवाल्याकडे मिळतो. त्याला सांग, व्यास सुमारे पस्तीस सेंटिमीटर, उंची वीस, जाड सुती कापड, कडेला चुण्या घेऊन शिव, आणि कापूस ठासून भर, कारण पहिल्या महिन्यात ती दबते. एका बाजूला भरायला तोंड ठेवायला सांग म्हणजे पुढे कापूस कमी-जास्त करता येईल. तोपर्यंत गोधडी आहेच. आणि गुडघा खुर्चीवर बसूनही पंधरा दिवसांत शांत झाला नाही, किंवा जिना उतरताना दुखायला लागला, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि काय म्हणाले ते मला कळव.